चार कवड्यांचा न्याय

बसच्या पाटीवर ‘हूटगळ्ळी’ असं ठळक लिहिलेलं असलं, तरी बाई पायरीवर एकच पाय ठेवून कंडक्टरला विचारायच्या, "हूटगळ्ळीला जाते?" तो हो म्हणाला की आत बसलेल्या एखाद्या माणसाला विचारायच्या, "तुम्ही कुठं उतरणार?" त्यानेही हूटगळ्ळी म्हटलं, की मग दुसरा पाय वर यायचा. एकदा मागे ताटकळत मी म्हटलं, "बाई, पाटीवर लिहिलंय की." त्या वळून म्हणाल्या, "पाटी लावणारा आणि बस चालवणारा एकच माणूस आहे? कशावरून?"

‘कशावरून’ हा शब्द मी त्यांच्याकडून जितका ऐकला तितका माझ्या वडिलांच्या सभांतही ऐकला नव्हता. इचलकरंजीच्या आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. बुवाबाजीविरुद्ध, पाणीपट्टीविरुद्ध, यंत्रमाग मालकांविरुद्ध. मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावर, आणि हाताला पहिलं वळण लागलं ते त्यांच्या घड्या घालण्याचं. बाबांचा एक नियम होता: पत्रकाखाली लिहिणाऱ्याचं नाव हवं. नाव नसेल तर ती चहाडी.

अशा घरातून मी म्हैसूरला एका संशोधन संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागले, आणि पहिल्याच आठवड्यात पाहिलं की आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख शास्त्रज्ञ मायक्रोस्कोपशेजारी बसून कवड्या टाकतायत. चार कवड्या, दोन्ही हातांत खुळखुळवून, टेबलावर. मी घरी फोन करून बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "लक्ष ठेव." मी ठेवलं.

बाईंचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेतून इथे स्थिरावलेले. घरात मराठी, पण वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत उतरायचं. मी त्यांना ‘बाई’ म्हणायचे तेव्हा बाकीचे हसायचे, कारण कानडीत बायी म्हणजे तोंड. बाईंची हरकत नव्हती. "तोंडच आहे मी. म्हण."

कवड्यांबद्दल मी सरळच विचारलं. त्यांनी मला मायक्रोस्कोपच्या खुर्चीत बसवलं. "बघ. ह्या काचेवर हजारो पेशी आहेत. फोटो किती काढणार? थोडे. मग कुठले काढणार? जे छान दिसतात ते. माणसाला जे हवं असतं तेच छान दिसतं, अल्वा? नाही का?" म्हणून त्यांनी काचेखाली पाच बाय पाच चौकोन आखलेली पारदर्शक पट्टी ठेवली होती. कवड्या एकदा टाकायच्या ते आडव्या रांगेसाठी, एकदा उभ्या रांगेसाठी. किती कवड्यांची तोंडं उघडी पडली ते बघायचं: एकही नाही म्हणजे कडेची पहिली रांग, चारही म्हणजे दुसऱ्या कडेची शेवटची. त्या चौकोनात जे दिसेल त्याचा फोटो. सुंदर असो, घाणेरडा असो.

म्हणजे ही अंधश्रद्धा नव्हती. मला ते पटलं, आणि पटलं म्हणून थोडी चीडही आली. तयार ठेवलेलं पत्रक वाया गेलं होतं.

"सुंदर आलंय? मग पुन्हा कर," हे त्यांचं दुसरं वाक्य. आणि तिसरं, जे कानडीतला ‘गं’ लावून फक्त माझ्यासाठी होतं: "प्रोटीनला युनियन नसते कणे."

त्याचं कारण आमचं काम. पेशीच्या आत पातळ पडद्यांचं एक मोठं जाळं असतं. ते जुनं झालं की त्याचा तुकडा तोडून काढावा लागतो, आणि तोडण्याआधी पडदा वाकावा लागतो, त्याला फुगा यावा लागतो. पडद्यात काही प्रथिनं पाचरीसारखी रुतून बसलेली असतात. एका पाचरीने विशेष काही होत नाही. त्या दाटीने एकत्र आल्या की पडदा वाकतो. त्यांना एकत्र आणतं कोण? आमचा अंदाज होता, युबिक्विटिन. हे एक चिमुकलं प्रथिन, पेशी ते दुसऱ्या प्रथिनांच्या अंगावर चिकटवते. कितीतरी वर्षं सगळ्यांना त्याची एकच ओळख: ज्याच्यावर हे चिकटलं त्याला मोडीत काढा, अशी खूण. पण पाचरींवर ते चिकटलं की त्या लगेच मोडीत जात नव्हत्या. त्या एकमेकींकडे सरकत होत्या, आणि त्यांच्याखालचा पडदा फुगत होता.

ज्यांना मोडीत काढायची खूण केली तेच एकत्र येऊन भिंत वाकवतात! इचलकरंजीच्या मुलीला आणखी काय हवं? मी हे जेवताना बोलून दाखवलं आणि बाईंनी घास खाली ठेवला.

"तुला हे आवडलंय."

"आवडणारच."

"मग ह्या प्रयोगाचे फोटो तू काढायचे नाहीस."

हा प्रयोग माझा नव्हताच, पवित्राचा होता. पवित्रा ही बाईंची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, टी. नरसीपूरची, अबोल, हात अतिशय स्थिर. तिच्या बहिणीच्या लग्नाला आम्ही सगळे नरसीपूरला गेलो होतो. मांडवात तिची आई बाईंसमोर पानाचं तबक धरून म्हणाली, "ह्यानंतर हिचाच नंबर. मॅडम, हिचं कधी संपणार?"

"काम संपलं की."

"आणि काम कधी संपणार?"

बाईंनी पान घेतलं आणि सुपारी वासावरून तपासली. पवित्राची शिष्यवृत्ती त्या वर्षअखेर संपणार होती. पेपर छापून आल्याशिवाय आमच्याकडे प्रबंध सादर करता येत नसे. घरच्यांनी तिला तेवढीच मुदत दिली होती, त्यानंतर स्थळं.

लग्नानंतर आम्ही संगमावर गेलो. तिथे कावेरी आणि कबिनी मिळतात, आणि तिसरं एक पाणी आहे जे डोळ्यांना दिसत नाही, अशी श्रद्धा. बाईंनी पदर खोचून पाण्यात उतरून डोक्यावर तीन ओंजळी घेतल्या. मी काठावरून टोमणा मारला, "तिसरी नदी दिसली का, बाई?"

"दिसत नाही म्हणजे नाही, असं मी कधी म्हटलं? दिसतं म्हणजे आहे, असंही म्हणत नाही."

असं बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं ते पत्रकांत लिहिलेलं नसतं.

लग्नाहून परतल्यावर पवित्राचा प्रयोग पूर्ण झाला. मी तिच्या काचा चोरून पाहिल्या नाहीत, तिच्या शेजारी बसून उघड पाहिल्या: पडद्यावर फुगेच फुगे होते. युबिक्विटिन चिकटू दिलं नाही की फुगे कमी. फरक डोळ्यांत भरत होता. मग बाई आल्या, कवड्या पडल्या, फोटो निघाले. फोटोंत फरक नव्हता. पवित्राने पुन्हा काचा तयार केल्या, पुन्हा कवड्या पडल्या, पुन्हा काही नाही.

"तुमच्या डोळ्यांना हवं होतं ते दिसलं," बाई म्हणाल्या. "सोड हे. दुसरं बघ."

दुसरं बघायला पवित्राकडे वेळ नव्हता. तिने काचा डब्यात भरल्या.

आता माझा संशय कवड्यांवरून बाईंवर गेला. या पाचर-प्रथिनावर युबिक्विटिन चिकटलं की ते मोडीतच जातं, दुसरं काही होत नाही, हे कितीतरी वर्षांपूर्वी छापलं होतं ते बाईंनीच. त्यांचं नाव त्यावर झालं होतं. पवित्राचं खरं ठरलं तर बाईंचं अर्धं तरी खोटं ठरणार होतं. आणि प्रयोगशाळेत महेशची गोष्ट हळू आवाजात सांगितली जायची. महेश हा बाईंचा जुना विद्यार्थी. त्यालाही हेच फुगे दिसले होते. कवड्यांनी नाही म्हटलं, बाईंनी सोड म्हटलं. त्याने फुगे सोडले नाहीत, पीएच.डी. सोडली. मंडी मोहल्ल्यात वडिलांच्या मिरचीच्या दुकानात बसायला लागला.

दोन माणसं, एकच निरीक्षण, आणि दोन्ही वेळा ते बाईंच्या टेबलावर मेलं. माझ्या बाबांनी यावर एका बैठकीत चार पत्रकं काढली असती.

मला उत्तर सापडलं ते मात्र गच्चीवर, जेवणाच्या सुट्टीत. संस्थेच्या गच्चीवर खडूने पट आखून सगळे चौकाबारा खेळायचे. आमच्याकडे त्याला चल्लस आठ म्हणतात: पाच बाय पाच घरांचा पट, चार कवड्या, चारही उघड्या पडल्या तर चार, चारही पालथ्या पडल्या तर आठ. कवड्या त्याच, बाईंच्या टेबलावरच्या. बाई त्यात कुणाला ऐकत नसत. त्या दिवशी वॉचमनची सोंगटी अडकली होती. तो आठाची वाट बघत बसला आणि बाईंनी ती मारली.

"आठावर विसंबून खेळू नये," सोंगटी उचलत त्या म्हणाल्या. "आठ कुठं पडतात? दोन पडतात. दोनावर घर बांधायचं."

माझा घास हातातच राहिला. लहानपणी आठासाठी मी देवाला नवस बोलले होते, बाबांना न सांगता. आठ पडत नाहीत. चारही क्वचितच. पडतात ते दोन, आणि एक, आणि तीन. हे म्हैसूरपासून इचलकरंजीपर्यंत पटावर बसलेल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. मग बाईंच्या पट्टीवर कवड्या कुठे जाणार? मधल्या रांगेत. आणि पुन्हा मधल्या रांगेत. काचेच्या मधोमध.

खाली जाऊन मी जुने फोटो उघडले. प्रत्येक फोटोवर चौकोनाचा क्रमांक होता. जवळजवळ सगळे मधल्या चौकोनांतले. आणि काचेच्या मध्यभागी काय असतं ते पवित्राने थोडक्यात सांगितलं: "पेशी वाढवताना काच बशीत असते, ती बशी हलवली की पेशी मध्ये गोळा होतात. तिथं फार गर्दी." गर्दीतल्या पेशी उपाशी असतात. उपाशी पेशी आपले पडदे आधीच तोडून खायला लागतात, त्यामुळे तिथे फुगे सगळीकडेच, युबिक्विटिन चिकटू दिलं तरी आणि न दिलं तरी. फरक दिसावा तो कडेच्या मोकळ्या पेशींत. कडेला कवड्या जात नव्हत्या.

जिने बसच्या पाटीवर विश्वास ठेवला नाही, तिने वर्षानुवर्षं एका गोष्टीवर संशय घेतला नव्हता: स्वतःच्या हातातल्या कवड्यांवर.

मी पत्रक लिहिलं. ‘जाहीर सवाल: कवड्या निःपक्षपाती आहेत, कशावरून?’ खाली माझं नाव, सही. प्रयोगशाळेत सूचना फ्रिजवर लावायची पद्धत होती, तिथे लावलं. पवित्राने माझं मनगट धरलं. "काढ ते. त्या चिडल्या तर तुझी नोकरी जाईल आणि माझं सगळंच."

"तुझं आत्ताच गेलंय," मी म्हटलं. हे बोलायला सोपं होतं, मला स्थळं येत नव्हती.

बाई कॉफीचा लोटा घेऊन आल्या. उभ्याने वाचलं. लोटा फ्रिजवर ठेवला, खिशातली पेन्सिल काढली आणि पत्रकावर रेघा मारायला लागल्या.

"‘हुकूमशाही’ काढ. पुरावा नाही. ‘जाणूनबुजून’ काढ. कशावरून? ‘आपलं जुनं संशोधन वाचवण्यासाठी’..." इथे पेन्सिल थांबली. "हे राहू दे. हे मलाही माहीत नाही. कवड्यांचं आहे ते बरोबर लिहिलंयस का ते बघू."

मग त्या टेबलाशी बसल्या आणि कवड्या टाकायला लागल्या. पवित्राला फळ्यावर पाच रकाने आखून रेघा मारायला सांगितलं. बाई टाकायच्या, पवित्रा रेघ मारायची. एकदा चारही पालथ्या पडल्या तेव्हा आम्ही तिघी त्यांच्याकडे बघत राहिलो, पाहुणा आल्यासारख्या. दुपार कलली तेव्हा मधल्या रकान्यात रेघांचं रान माजलं होतं आणि कडेचे दोन जवळजवळ कोरे होते.

"घरी पटावर हेच बघत मोठी झाले," बाई म्हणाल्या. "इथं कधी दिसलं नाही." मग माझ्याकडे वळल्या. "एक सांग. निकाल तुला हवा तसा आला असता, तर तू कवड्यांकडे बघितलं असतंस?"

"नाही."

"हं." त्यांनी पिशवी उचलली. "पवित्रा, महेशचं दुकान आहे तिथंच आहे?"

आम्ही तिघी रिक्षाने मंडी मोहल्ल्यात गेलो. बाईंनी त्या दिवशी रिक्षाच्या मीटरकडे पाहिलं नाही, हे माझ्या लक्षात आहे. दुकानाच्या दारातच शिंका सुरू झाल्या. महेश पोत्यांच्या मागे बसला होता, चाळिशीचा, पोट सुटलेलं. तो एका पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळाची मिरची वर काढत होता. बाईंना बघून तो हात तसाच पोत्यात ठेवून उभा राहिला.

"बन्नी मॅडम. कूतकोळ्ळी." बसा म्हणून त्याने स्टूल पुसलं.

बाई बसल्या नाहीत. त्या कानडीत बोलल्या, शिंकांच्या मधून, आणि मला समजलं ते असं: "तुझे फुगे कदाचित खरे होते. माझ्या कवड्या मध्येच पडत होत्या. मी बघितलं नाही. तू गेलास."

महेशने हात बाहेर काढला. मूठभर लाल मिरच्या होत्या, त्या त्याने परत पोत्यात टाकल्या. बराच वेळ टाकत राहिला, एकेक.

"हिचेही तेच दिसतायत?" त्याने पवित्राकडे बोट केलं.

"डोळ्यांना दिसतायत. मोजलेले नाहीत."

"चौकोन आता कोण निवडणार?"

"कॉम्प्युटर. कडेचे, मधले, सगळे सारखे. काचांची नावं झाकून."

"आणि मोजणार कोण?"

"तू ये," बाई म्हणाल्या. "दुकान बंद असतं त्या दिवशी. तू मोज."

महेश हसला. त्या हसण्यावर माझा विश्वास बसला नाही, अजूनही बसत नाही.

"मी मोजणार नाही, मॅडम. मला ते खरं व्हायला हवंय."

दुकानात कुणी शिंकलं नाही. बाईंनी मान हलवली, जशी त्या कुणी बरोबर उत्तर दिल्यावर हलवत.

"मग मी मोजते," त्या म्हणाल्या. "मला ते खोटं व्हायला हवंय."

परतीच्या वाटेवर मी रिक्षात म्हटलं की हेही पक्षपातीच आहे. "आहेच," बाई म्हणाल्या. "म्हणून तर काचांची नावं झाकायची. पण डोळेझाक करायला लागले तर कुणाच्या बाजूनं करतेय ते तुम्हाला तरी कळेल."

पवित्राने काचा नव्याने तयार केल्या, नावं झाकली, कुठली काच कोणती याची यादी माझ्याकडे दिली. बाई मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसल्या आणि कितीतरी दिवस तिथेच राहिल्या, सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. मला त्यांच्यावर पाळत ठेवायची सवय लागली होती, मी दाराच्या फटीतून बघायचे. त्या एकेका चौकोनाशी इतका वेळ थांबायच्या की वाटायचं, न दिसणारं पाणी शोधतायत.

नावं उघडली त्या दिवशी सगळे जमले होते. फरक होता. मोकळ्या पेशींत स्पष्ट होता, गर्दीत नव्हता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता त्यापेक्षा तो बराच लहान होता, हेही इथे लिहायला हवं, कारण खाली माझं नाव येणार आहे. पण होता. पवित्रा भिंतीला टेकून खाली बसली. तिचा प्रबंध पेपरसकट वेळेत गेला, आणि त्या पेपरात बाईंनी कवड्यांचा सगळा घोटाळा एका परिच्छेदात लिहायला लावला. आपलं जुनं निष्कर्षवाक्य कुठे चुकलं तेही. संपादकाने हे वगळता येईल का विचारलं. बाईंनी उलट विचारलं, का.

लोक मला म्हणतात, बघ, शेवटी मोठ्या मनाच्या निघाल्या की नाही. मला हे वाक्य आवडत नाही. ज्या वर्षांत महेशने मायक्रोस्कोप चालवायला हवा होता त्या वर्षांत त्याने मिरची निवडली, हे कुणाच्या मोठ्या मनाने भरून येत नाही. कवड्या कडेला का जात नाहीत, हे बाईंना इतकी वर्षं खरंच दिसलं नाही, की बघायचं नव्हतं? त्यांनी पत्रकातलं ते वाक्य राहू दिलं होतं. मीही राहू देते. माफी द्यायची तर ती माझ्याकडे नाही, मंडी मोहल्ल्यात आहे.

नावं उघडली त्याच दुपारी बाईंनी महेशला फोन लावला, स्पीकरवर, आमच्यासमोर.

"आलं," त्या म्हणाल्या.

"कोणी मोजलं?"

"मी."

पलीकडे कुणीतरी पोतं ओढत होतं. ते थांबलं. "मग खरं असेल, मॅडम."

पवित्राने माझ्याकडे पाहिलं, मी बाईंच्या तोंडाकडे. आता ‘कशावरून’ येणार म्हणून आम्ही दोघी थांबलो होतो. बाईंनी ओठ उघडले, मिटले.

"ब्याडगीचा भाव काय चाललाय?" त्यांनी विचारलं.

महेशने सांगितला. बाईंनी तो ऐकून घेतला आणि फोन ठेवला.